आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी

जुन्या पण चालवायला मजा येईल अशा गाड्यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्नांची उत्तरं या वेळी देतो आहे. बजेट आणि गावं वेगळी असली तरी बहुतेकांची अडचण एकच दिसते. गाडी मनात ठरलेली असते, पण ती सांभाळणारा माणूस शोधलेला नसतो.

प्रश्न : वय २६, राहायला कोल्हापूर, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. बजेट पाच लाख. लहानपणापासून स्पोर्ट्स कार घ्यायची इच्छा आहे. मित्र म्हणतात, एवढ्या पैशांत विसर.

मित्रांचं ऐकू नका. दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी पाच लाखांत मिळणार नाही, हे खरं. मिळाली तरी तुमच्या गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवर तिचं पोट घासेल. पण तुम्हाला हवी आहे ती मजा, आणि ती हलक्या, नीट वळणाऱ्या छोट्या गाडीत भरपूर मिळते.

२०१८ ते २०२० मधली पेट्रोल स्विफ्ट नऊशे किलोच्या आत बसते. १.२ लिटरच्या इंजिनाची ताकद ८३ पीएस, म्हणजे कागदावर काहीच नाही. तीच गाडी पावसाळा संपल्यावर आंबा घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालवून बघा. इंजिन भरपूर पिळता येतं आणि वेग तरीही हाताबाहेर जात नाही. दोनशे पीएसच्या गाडीत त्याच वळणावर तुम्हाला निम्मं ॲक्सिलरेटरही दाबता येणार नाही.

माझी स्वतःची पसंती मात्र फोर्ड फिगो १.५ डिझेलला आहे, २०१५ नंतरच्या मॉडेलला. १०० पीएस, २१५ न्यूटनमीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) आणि वजन टनाच्या थोडंसं वर. महामार्गावर ट्रकला ओव्हरटेक करताना गिअर बदलायची गरज फार कमी पडते, आणि रोजच्या अंतराला डिझेल परवडतं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केल्यामुळे लोक या गाडीला घाबरतात, म्हणून ती किमतीच्या मानाने जास्त चांगल्या अवस्थेत मिळते. तेव्हा आधी कोल्हापुरात चार-पाच जुन्या फोर्डवाल्यांना गाठा, ते गाडी कोणाकडे नेतात ते विचारा, त्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये जाऊन अर्धा तास बसा. त्याच्याकडे फिगो उभ्या दिसल्या तर गाडी शोधायला लागा. दिसल्या नाहीत तर स्विफ्ट घ्या. तिचा पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतो.

पाच लाखांचं बजेट असेल तर गाडी चार-सव्वाचार लाखांची बघा. उरलेले पैसे पहिल्या सहा महिन्यांत टायर, बॅटरी, सस्पेंशनची रबर बुश आणि सगळी ऑइलं बदलायला लागतील. लागतीलच.

प्रश्न : पुण्यात अबार्थ पुंटो आणि पोलो जीटी टीएसआय (डीएसजी) दोन्ही बघून ठेवल्या आहेत. रोज हिंजवडीला जायचं आहे. कोणती घेऊ?

दोन्ही गाड्या पुण्याच्याच. फियाटची पुंटो रांजणगावची, फोक्सवॅगनची पोलो चाकणची. दोन्हींचं उत्पादन बंद झालं आहे, आणि दोन्ही मला फार प्रिय आहेत.

२०१५ मध्ये आलेल्या अबार्थमध्ये १.४ लिटरचं टी-जेट इंजिन आहे : १४५ बीएचपी, २१२ न्यूटनमीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तिचं खरं वैभव स्टिअरिंग आहे. ते हायड्रॉलिक आहे, हाताला जड लागतं, आणि पुढची चाकं रस्त्यावर काय करत आहेत ते तळहाताला कळतं. आजच्या नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ही गोष्ट जवळजवळ संपली आहे. ताम्हिणीत सकाळी सहाला ती गाडी चालवणं म्हणजे काय, ते सांगून समजत नाही.

पण तुम्ही सकाळी सहाला ताम्हिणीत नाही, नऊ वाजता हिंजवडीच्या रांगेत असणार आहात. अबार्थचा क्लच जड आहे आणि शहरात ती पेट्रोल पिते. फियाट २०१९ मध्ये भारतातून गेली. टायमिंग बेल्ट, टर्बोचे होज, माउंटिंग यांसाठी फियाटवेडा मेकॅनिकच लागतो. पुण्यात असे मेकॅनिक आहेत, हे तुमचं नशीब. घेतलीत तर टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर गाडी घेतल्याच्या आठवड्यात बेल्ट बदला, मीटर काहीही दाखवू दे. रबर वयानेही मरतं.

डीएसजीबद्दल, म्हणजे पोलो जीटीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल, सावध करतो. २०१३ पासूनच्या १.२ टीएसआयमध्ये सात गिअरचा, दोन कोरड्या क्लचचा बॉक्स येतो. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखा झटपट गिअरबॉक्स या किमतीत नाही. रांगेत मात्र इंच-इंच पुढे सरकताना गाडी सतत हाफ क्लचवर राहते, क्लच तापतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर सुरू होते. त्यातलं गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या रस्त्यासाठी ही गाडी सगळ्यात चुकीची.

माझं उत्तर तुमच्या यादीत नसलेली तिसरी गाडी आहे : २०२० ते २०२२ मधली पोलो १.० टीएसआय मॅन्युअल. ११० पीएस, १७५ न्यूटनमीटर, सहा गिअर. त्याच कुळातलं इंजिन आजच्या व्हर्टस आणि टायगूनमध्ये आहे, त्यामुळे त्यावर काम करणारे हात पुढची बरीच वर्षं मिळतील. अबार्थ मात्र घरात दुसरी गाडी आली की जरूर घ्या. मला विचारून घ्या, बघायला मीही येईन.

प्रश्न : दिल्ली पासिंगची जुनी ऑक्टाव्हिया इथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. नाशिकला आणावी का?

स्वस्ताईचं कारण आधी समजून घ्या. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. २०२५ मध्ये न्यायालयाने तिची अंमलबजावणी सैल केली, पण त्या बंदीमुळेच वयाजवळ आलेल्या गाड्यांचे भाव तिथे कोसळले. इकडे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर हे सगळं आलं. कर गाडीची किंमत आणि वय बघून लागतो, तेव्हा नाशिकच्या आरटीओत आकडा काढून घेतल्याशिवाय एक रुपयाही बयाणा देऊ नका. एजंट सांगेल तो आकडा धरू नका. शिवाय गाडी तुम्ही उभ्या आयुष्यात एकदा, तीही परक्या गावात, घाईत बघणार. मी आणणार नाही.

प्रश्न : गाडी बघायला जाताना सोबत कोणी जाणकार नाही. मी स्वतः काय बघू? – वाचक, ठाणे

मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या, गार होईपर्यंत थांबा. गार इंजिनाचा पहिला अर्धा मिनिट सगळं सांगतो : साखळीचा खडखडाट, निळा धूर, वरखाली होणारं आयडलिंग. टर्बो गाडीत ऑइल वेळेवर बदललं होतं का, हाच अर्धा सवाल असतो, म्हणून सर्व्हिसची बिलं तारखांसह मागा. मीटर मागे फिरवता येतो. तारखांची आठ-दहा बिलं खोटी बनवण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. मी एकदा बिलं न बघता फक्त मीटरवर विश्वास ठेवून गाडी घेतली होती. पुढे जुनं जॉब कार्ड हाती लागलं, त्यावर चार वर्षांपूर्वीच मीटरच्या दीडपट किलोमीटर लिहिलेले होते. तो राग अजून गेलेला नाही.

मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभरावर गाळाची रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर आणि चिपळूणचा जुलै २०२१ चा पूर यांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या असतील, हे गृहीत धरूनच बघा. स्टेपनी काढून तिच्याखालचा पत्रा बघा. टायरवरचे चार अंक वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांचा टायर नवा दिसत असला तरी ओल्या रस्त्यावर धरत नाही, आणि ठाण्यात चार महिने रस्ता ओलाच असतो.

चालवताना म्युझिक बंद, काचा खाली. खराब रस्त्याने न्या. आणि पैसे दिल्याच्याच दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घ्या, गाडी आणि विमा दोन्ही नावावर करा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीसोबत येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. विम्याचा हप्ता त्याप्रमाणे धरा.

प्रश्न : लंडनला नोकरीसाठी आलो आहे. इथे माझदा एमएक्स-५ फारच स्वस्त दिसतात. मूळचा साताऱ्याचा, अशी गाडी भारतात कधी बघितलीही नव्हती.

घ्या! भारतात न मिळालेली गाडी तुमच्या दारात उभी आहे. टनाच्या आसपास वजन, मागच्या चाकांना ताकद, उघडं छप्पर. पसरणीचा घाट चढून-उतरून मोठ्या झालेल्या माणसाला ही गाडी पहिल्या वळणावर कळेल.

शत्रू एकच, गंज. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९९८ ते २००५ च्या गाड्यांत दाराखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढचे चॅसिस रेल सडतात. छपराच्या पाण्याच्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी थेट सिलमध्ये उतरतं. गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा. वरचा चकचकीत रंग काहीच सांगत नाही. तुमच्याकडे एक सोय अशी आहे की तिचा आपल्याला हेवा वाटावा : नंबर टाकला की त्या गाडीच्या दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का, याच्या) इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, किलोमीटरऐवजी मैलांच्या नोंदींसह. त्यात ‘गंज’ हा शेरा किती वर्षं येतो आहे ते वाचा.

लंडनमध्ये युलेझचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचे, रोजचे पैसे टाळायचे तर पेट्रोल गाडी युरो ४ (धुराचं मानक) हवी, साधारण २००६ नंतरची. म्हणजे तिसरी पिढी. नंबर टाकून खात्री करा.

प्रश्न : घरात दोन वर्षांची मुलगी आहे. पोलो की स्विफ्ट? आणि रीमॅप करून ताकद वाढवावी का? – वाचक, सांगली

पोलो. २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार तारे मिळाले, तेव्हा एअरबॅगचंच मॉडेल बघा. २०१८ च्या स्विफ्टला दोन तारे होते. मुलीची सीट मागे बसवा, गाडीला आयसोफिक्स (मुलांची सीट अडकवायचे हूक) असेल तर त्यावर.

रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, पहिलं वर्ष अजिबात नको. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो, आणि जुन्या क्लचला वाढलेला टॉर्क पेलत नाही. ते पैसे चार चांगल्या टायरना आणि ब्रेक पॅडना घाला. बसवलेत की एकदा खंबाटकीऐवजी वाई-पाचगणीच्या बाजूने जाऊन या, आणि काय फरक जाणवला ते मला लिहा.