तातडीच्या शस्त्रक्रियेत चेकलिस्ट वाचायला वेळ कुठून आणायचा?

आपण नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहात आणि आपला प्रश्न असा आहे की, अपघातात पोटाला मार लागून रक्तस्राव होत असलेला रुग्ण टेबलावर असताना शस्त्रक्रिया-सुरक्षेची चेकलिस्ट वाचणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे नव्हे काय. इंदूरच्या एका रुग्णालयात मी बावीस वर्षे ओटी (शस्त्रक्रियागृह) सिस्टर होते आणि एबी रोडवरचे (आग्रा-मुंबई महामार्गावरचे) कितीतरी अपघातग्रस्त रात्री-अपरात्री आमच्याकडे येत; त्या अनुभवावरून सांगते, घाई असते म्हणूनच ती वाचायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेची ही १९ मुद्द्यांची यादी भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्यापूर्वी अशी तीन टप्प्यांत वाचायची असते. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी त्यांतल्या तातडीच्या शस्त्रक्रिया वेगळ्या काढून पाहिल्या, तेव्हा तिथे ते ३.७ वरून १.४ टक्क्यांवर आलेले दिसले.

असे का होत असावे, ते मी जवळून पाहिले आहे. प्लीहा फाटून पोटात रक्त साचलेले असते, सर्जन चारही कोपऱ्यांत भराभर मॉप (रक्त टिपण्याच्या कापडी घड्या) दाबून बसवतात आणि पाच-पाचचे गठ्ठे फोडता फोडता त्यांची यादीत सांगितलेली मोजणी चुकते. अशाच एका रात्री फळ्यावर पंधरा लिहिलेले होते आणि हातात चौदाच परत आले. बीपी खाली होते, भूलतज्ज्ञ लवकर आटपा म्हणत होते. मी म्हटले, "सर, एक मॉप कमी आहे." सर्जनांनी टाका थांबवला आणि यकृताच्या वर हात घातला. रक्तात भिजलेला मॉप गुठळीसारखाच दिसतो. तो त्यांच्या बोटांनाच लागला.

छेदाआधीच्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले का, हेही घाईत हमखास राहते, कारण कॅज्युअल्टीला (तातडीच्या विभागाला) वाटते ओटीत देतील आणि ओटीला वाटते खाली दिले असेल.

मात्र नुसत्या खुणा करून काही साधत नाही. कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांतात १०१ रुग्णालयांनी चेकलिस्ट लागू केल्यावरही मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची कारणे अनेक असू शकतील. पण रुग्ण वॉर्डात पोहोचल्यावर एका दमात भरलेले कागद मीही पाहिले आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

मोठ्याने वाचायला एक-दोन मिनिटे लागतात. रुग्ण अगदीच अत्यवस्थ असेल, तर पोटाला बीटाडीन लावले जात असताना आम्ही ती वाचत असू. छेदापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा मुद्दा मात्र कृपया कधीही गाळू नका. त्या रात्रीचे सर्जन बाहेरून बोलावलेले होते, मी त्यांना प्रथमच पाहत होते. आमची नावे सांगून झाली होती, म्हणूनच मला त्यांना थांबवता आले.