‘शिवाय कमिशन’ एवढ्यावर सही नको

प्रश्न : मुलगा बी.कॉम. झाला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका निर्यातदाराकडे खरेदी प्रतिनिधी म्हणून नोकरी मिळते आहे. पत्रात ‘दरमहा 18,000 रुपये, शिवाय खरेदीवर कमिशन’ एवढंच आहे. मालक म्हणतात, हंगाम संपल्यावर बघू. रुजू होऊ द्यावं का? – एक पालक, मिरज

उत्तर : माल पारखायला शिकवणारी नोकरी आहे, जरूर होऊ द्या. पण सहीआधी ते ‘शिवाय’ म्हणजे नेमकं काय ते लिहून घ्या.

खरेदीच्या रकमेवर टक्केवारी असेल तर दर चढा तसं कमिशन जास्त. चांगल्या मुलावरही मालकाचा संशय राहतो. त्यापेक्षा क्विंटलमागे रक्कम ठरवा. समजा 15 रुपये ठरले. 400 क्विंटलचे सौदे झाले, त्यातली 40 क्विंटल हळद ओली म्हणून परत गेली. मग कमिशन 6,000 की 5,400? वजन बारदानासकट की निव्वळ?

सगळ्यात जास्त भांडणं कमिशन लागू कधी झालं यावरून होतात. 1872 च्या करार कायद्याचं कलम 219 सांगतं की, वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटला मोबदला मागता येत नाही. आता ‘पूर्ण’ म्हणजे सौदा ठरला तेव्हा, की माल परदेशी विकला गेला तेव्हा? विक्री तुमच्या मुलाच्या हातात नाही. म्हणून ‘गोदामात काटा होऊन माल स्वीकारला त्या दिवशी’ असे शब्द घाला, आणि हिशोब पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत. नोकरी सुटली तरी तोवर स्वीकारलेल्या मालाचं कमिशन मिळेल, हेही लिहून घ्या. वेतन संहितेत नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायची तरतूद आहे, पण वेतनाच्या व्याख्येतून कमिशन साधारणपणे वगळलेलं आहे. तिच्यावर विसंबू नका.

एक गोष्ट मुलाला आजच बजावा. अडत्याकडून पोत्यामागे गुपचूप पैसे घेतले, तर करार कायद्याच्या कलम 220 प्रमाणे त्या व्यवहारावरचा मोबदल्याचा हक्कच जातो. शिवाय यार्डात नाव खराब झालं की दुसरा मालक दारात उभं करत नाही.

प्रत्येक काटापट्टीचा फोटो ठेवायचा, महिनाअखेरीस क्विंटलचा हिशोब मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. थकलेल्या रकमेसाठी दिवाणी दाव्याची मुदत 3 वर्षं असते. तेव्हा हेच कागद लागतात.

मालक लिहून द्यायला तयारच नसतील, तर कमिशन शून्य धरा आणि 18,000 मध्ये परवडतं का, तेवढंच बघून ठरवा.