श्रीलंकेत फक्त तिथेच सापडणारा एक भारद्वाज आहे म्हणे, तो आपल्यापेक्षा वेगळा कसा ओळखायचा आणि कुठे दिसेल?

हो आहे, ग्रीन-बिल्ड कूकल. पण गंमत अशी की आपला भारद्वाजपण श्रीलंकेत सगळीकडे आहे, अगदी हॉटेलच्या बागेत फिरत असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी लोक फोटो टाकून मोकळे होतात की मिळाला मिळाला. आधी चोच बघा. आपल्याची काळी कुळकुळीत, याची फिकट, हस्तिदंतावर हिरवट झाक मारावी तशी, आणि जंगलातल्या अंधारात पक्ष्याचं बाकी काही नाही दिसलं तरी तेवढी चोच चमकते. पंखही आपल्यासारखे झगझगीत विटकरी नाहीत, मळकट गडद तपकिरी. आकाराने किंचित लहान, पण त्यावर जाऊ नका, शेजारी शेजारी कोण उभे राहणारेत.

जागा म्हणाल तर नैऋत्येकडची पावसाळी जंगलं, म्हणजे सिंहराजा (१९८८ पासून जागतिक वारसा) नाहीतर कितुलगला, तिथे केळणी नदी ओलांडून पलीकडच्या जंगलात जायचं. आत बांबूची आणि वेलींची गचपण असते ना, हा त्यातच राहतो, उघड्यावर क्वचित येतो. म्हणून डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. आपला भारद्वाज ऊप ऊप ऊप करत लांबलचक माळ लावतो, हा दोन-तीनच घुमारे देतो, खोल, शेवटचा सूर खाली पडणारा, आणि मग बराच वेळ गप्प. पहाटे उजाडताना तिथे पोचलात तरच काहीतरी चान्स आहे. स्थानिक गाईड घ्याच, त्याला ‘बट अटी-कुकुळा’ म्हटलं की लगेच कळतं. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचा उद्योग मात्र करू देऊ नका, सखल भागातलं जंगल चहा-रबरासाठी तुटत गेलं आणि आता जे तुकडे उरलेत त्यात हा अडकलाय, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत व्हल्नरेबल, म्हणजे नामशेष व्हायचा धोका असलेला, आहे.

कुणीतरी विचारलंय की कोकिळेच्या कुळातला ना, मग अंडी कावळ्याच्या घरट्यात घालतो का? नाही हो. भारद्वाज मंडळी स्वतः घरटं बांधतात, पिल्लंही स्वतःच वाढवतात.

जानेवारी ते मार्च बरा काळ. लीच सॉक्स न्याच, जळवा कुणालाच सोडत नाहीत. आणि एवढं करून नाहीच दिसला तर सिंहराजात मान वर करून लाल तोंडाचा मालकोहा शोधा, तोही कोकीळकुळातला, तोही फक्त श्रीलंकेतलाच, आणि सातभाई-कोतवालांच्या मिश्र थव्याबरोबर फिरतो त्यामुळे थव्याचा कलकलाट ऐकू आला की तिकडे पळायचं.