सँटोरिनी सोडून ग्रीसमधलं कोणतं किनारी शहर बघावं? – कावाला, तंबाखूच्या वखारींचं शहर

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात घरच्यांना घेऊन ग्रीसला जाताय, निळे घुमट आणि पांढरी घरं फोटोंत पाहून झालीत, आता जिथे माणसं बारा महिने राहतात आणि ज्याला खोल इतिहास आहे असं समुद्रकाठचं शहर हवंय. माझं उत्तर कावाला. थेस्सालोनिकीच्या पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, समोर थासोस बेट, मागे डोंगर, आणि मधल्या उतारावर घरांवर घरं चढलेली. मी तिथे आठ दिवस राहिलो. जायचं कारण घरगुती होतं, ते पुढे सांगतो.

आधी पाया घालून घेऊ. इसवी सनपूर्व सातव्या शतकात थासोस बेटावरच्या ग्रीकांनी इथे वसाहत केली आणि नाव ठेवलं नेआपोलिस, म्हणजे नवं नगर. पुढे रोमन काळात एड्रियाटिक समुद्रापासून बायझँटियमपर्यंत (आजच्या इस्तंबूलपर्यंत) जाणारा व्हिया एग्नातिया हा मोठा रस्ता इथूनच गेला. इसवी सन 50 च्या आसपास ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पॉल आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, जहाजाने आला तो याच बंदरात उतरला, आणि इथून चालत जवळच्या फिलिप्पी या प्राचीन नगराला गेला. बायझंटाइन काळात शहराचं नाव ख्रिस्तूपोलिस झालं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन आले आणि 1912 पर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं, राहिले. 1913 साली दुसऱ्या बाल्कन युद्धात शहर ग्रीसकडे गेलं.

एवढं तर कोणत्याही माहितीपुस्तकात मिळेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे. कावाला बघायचं तर इथून कोण गेलं, कोण आलं आणि गेलेल्यांनी मागे ठेवलेल्या वास्तूंचं आलेल्यांनी काय केलं, हे विचारत फिरावं लागतं. तसं फिरलं की एकेक दगड बोलायला लागतो.

जुनं शहर बंदराच्या डोक्यावरच्या टेकडीवर आहे, त्याला पनागिया म्हणतात. तिथल्या चढाच्या गल्लीत एक लांबलचक, शिशाच्या घुमटांची वास्तू लागते. तिचं नाव इमारेत. हा शब्द आपल्याला परका नाही. मूळ अरबी शब्द एकच, तो तुर्कीत ‘इमारेत’ झाला आणि मराठीत ‘इमारत’. आपल्याकडे कुठल्याही बांधकामाला इमारत म्हणतात, ऑटोमन राज्यात मात्र इमारेत म्हणजे अन्नछत्र. इथे मदरसा होता, विद्यार्थ्यांच्या खोल्या होत्या, आणि गोरगरिबांना, कुठल्याही धर्माच्या, फुकट जेवण मिळायचं. गावातले लोक त्याला ‘तेम्बेलहाने’ म्हणायचे, आळशांचं घर. त्यातलं ‘हाने’ म्हणजे आपल्या दवाखाना-कारखान्यातला ‘खाना’. गल्लीत उभं राहून हे शब्द ऐकताना मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी पुढे कुठे गेलोच नाही.

हे अन्नछत्र बांधलं मोहम्मद अली पाशाने, 1817 पासून. हा माणूस 1769 साली याच टेकडीवर जन्मला. तरुणपणी इथेच तंबाखूचा व्यापार केला. नेपोलियनच्या फौजा इजिप्तमधून निघत होत्या त्या सुमारास, 1801 साली, कावालाच्या सैनिकांच्या तुकडीबरोबर तो इजिप्तला गेला आणि 1805 साली तिथला सत्ताधीश झाला. त्याच्या वंशाने पुढे जवळजवळ दीड शतक इजिप्तवर राज्य केलं, राजा फारूकला 1952 साली पदच्युत करेपर्यंत. आपल्या गावासाठी त्याने हे बांधलं, आणि आजही ती वास्तू इजिप्तच्या मालकीची आहे. आता तिथे हॉटेल आहे. राहणं महाग आहे, पण डागडुजी इतक्या मायेने केलीय की आतून एकदा जरूर बघा. टेकडीच्या टोकाशी त्याचं जन्मघर आहे, खाली तबेला आणि वर राहण्याच्या खोल्या. समोर घोड्यावर बसलेला त्याचा पुतळा.

तो पुतळा पाहून मी थबकलो होतो. कारण याच मोहम्मद अलीचा मुलगा इब्राहिम पाशा 1825 साली ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध चिरडायला फौज घेऊन आला आणि त्याने पेलोपोनीज हा ग्रीसचा दक्षिण भाग उजाड केला. 1827 साली नावारिनोच्या खाडीत ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमाराने जे बुडवलं त्यात इजिप्तची जहाजं होती. तरी कावालात त्याच्या बापाचा पुतळा उभा आहे आणि घर जपलेलं आहे. आपल्या मातीत जन्मलेला माणूस म्हणून त्याला जागा देणं मला मोठ्या मनाचं वाटतं.

टेकडीवरून खाली बघितलं की कमानींची भिंत दिसते, तिला कामारेस म्हणतात. हा जलसेतू सोळाव्या शतकात, सुलतान सुलेमानच्या काळात नव्याने बांधला. सुमारे 280 मीटर लांब, साठ कमानी, कुठे कुठे 25 मीटर उंच. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी सहा किलोमीटरवरून यावरून टेकडीवर यायचं. त्या झऱ्याला लोक ‘पाण्याची आई’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शहर हेच पाणी प्यायचं. आता कमानींखालून बस जाते, आणि बाजूलाच भाजीचं दुकान असतं.

आता तंबाखू. मी निपाणीकडचा. माझी आजी तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याला तो वास असायचा, आणि रात्रभर तिचा ठसका ऐकू यायचा. जगात आणखी एक गाव तंबाखूच्या वखारींवर उभं राहिलं आणि तिथेही बायाच जमिनीवर बसून पानं निवडायच्या, हे कुठेतरी वाचलं आणि जायचं ठरवलं.

तिकडची तंबाखू आपल्यापेक्षा अगदी वेगळी. बास्मा नावाची जात, पान लहान, तळहातात मावणारं, आणि सुगंध जबरदस्त. पानं पहाटेच्या अंधारात खुडायची, मग घरातल्या सगळ्यांनी बसून सुईने एकेक पान दोऱ्यात ओवायचं, आणि त्या माळा उन्हात वाळवायच्या. शेतकऱ्याकडून माल कावालाच्या वखारीत आला की खरं काम सुरू व्हायचं. आकार, रंग, प्रत बघून एकेक पान निवडायचं, रचायचं, गठ्ठे बांधायचे. आपल्याकडे बोद, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, भरतात तसंच, पण इथे पान अख्खं राहिलं पाहिजे. हा माल युरोपात जायचा, अमेरिकन सिगारेटींत वासासाठी मिसळला जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचे व्यापारी इथे स्थायिक झाले. हंगेरियन व्यापारी हर्झोगने बांधलेला किल्ल्यासारखा वाडा आज नगरपालिकेचं कार्यालय आहे.

वखारी मात्र त्या वाड्यापेक्षा मोठ्या. चार-चार मजली, रस्ताभर लांब. काम हंगामी, बाकीचे महिने हातावर हात. धूळ आणि क्षय. ग्रीक, तुर्क, ज्यू असे सगळे कामगार एकाच छताखाली बसायचे, आणि 1914 सालचा मोठा संप त्यांनी मिळून केला. पुढे मालकांनी ‘तोंगा’ नावाची सोपी पद्धत आणली. तिच्यात निवड कमी, म्हणून कुशल पुरुष कारागीर कमी लागायचे आणि बायकांना कमी मजुरीवर घेता यायचं. त्यावरून किती भांडणं झाली, किती घरं मोडली! 1934 साली या शहराने दिमित्रिस पार्त्सालिदिस या कम्युनिस्ट कामगार पुढाऱ्याला महापौर निवडलं. ग्रीसच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं, त्याच वेळी सेरेस या दुसऱ्या ग्रीक शहरातही तसंच झालं. काही महिन्यांतच त्यांना पदावरून काढलं.

तंबाखू संग्रहालयात ती निवडायची लाकडी साधनं, फोटो, हिशेबाच्या वह्या आहेत. फोटोतल्या बायकांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधलेत आणि मांडी घालून बसल्यात. मी त्या फोटोपुढे बराच वेळ उभा होतो. आजी तशीच बसायची. शहराच्या मध्यावर कामगारांच्या नावाचाच चौक आहे, आणि तिथली एक मोठी वखार पालिकेने जपलीय. बाकीच्या कित्येक पाडल्या गेल्या, काहींत दुकानं आली.

कावालाचं सगळ्यात मोठं वळण 1923 सालचं. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोसानला करार केला. तुर्कस्तानातल्या ख्रिश्चनांनी ग्रीसला जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानला. तिकडून बारा लाखांहून अधिक, इकडून सुमारे चार लाख. यात नेस्तोस नदी रेघेसारखी ठरली. नदीपलीकडच्या पश्चिम थ्रेसमधले मुसलमान वगळले गेले, त्यांची वस्ती आजही आहे. कावाला अलीकडच्या बाजूला, म्हणून पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मुसलमान घरांना इथून उठावं लागलं. बोटी त्यांना घेऊन गेल्या आणि निर्वासितांना घेऊन आल्या. 1920 ते 1928 या आठ वर्षांत शहराची लोकसंख्या दुपटीवर गेली. आपण फाळणीच्या गोष्टी ऐकत वाढलो, म्हणून हे वाचताना पोटात कालवतं. ‘अदलाबदल’ हा शब्द कागदावर किती साधा दिसतो.

आलेले लोक मशिदींत, मदरशांत, इमारेतच्या खोल्यांत राहिले. इब्राहिम पाशाची (हा सोळाव्या शतकातला, सुलतान सुलेमानचा वजीर, मोहम्मद अलीचा मुलगा नव्हे) मशीद 1926 साली सेंट निकोलसचं चर्च झाली, आणि पॉल इथे उतरला त्याचं मोठं मोझॅइक तिच्याशेजारी आहे. हलील बे मशिदीत पुढे पालिकेचं बँडपथक सराव करू लागलं, म्हणून लोक तिला ‘जुनं संगीत’ म्हणतात. तिच्या जमिनीला काच बसवलीय. काचेखाली जुन्या ख्रिस्ती बॅसिलिकाचा, म्हणजे चर्चचा, पाया दिसतो. एकाच जागी उभं राहून तुम्ही हे सगळे थर बघू शकता.

यात एक थर फार दुखरा आहे. दुसऱ्या महायुद्धात हा भाग बल्गेरियाच्या ताब्यात होता. मार्च 1943 मध्ये एका रात्रीत इथल्या ज्यू कुटुंबांना घरातून उचललं, तंबाखूच्या वखारींत कोंडलं आणि पुढे ट्रेब्लिंका या नाझींच्या मृत्युछावणीत पाठवलं. जवळजवळ 1,500 माणसं. त्यांच्या स्मारकावरच्या दाविदाच्या ताऱ्यावरून 2015 साली वाद झाला आणि शेवटी तारा ठेवूनच स्मारकाचं अनावरण झालं. मुलं मोठी असतील तर त्यांना तिथे न्याच.

खाण्याचं विचारलं नाहीत, पण संस्कृती विचारलीत म्हणजे ते आलंच. बंदराकाठी मिडोपिलाफो खा, म्हणजे शिंपल्यांचा पुलाव. आशिया मायनरच्या निर्वासितांच्या हाताची चव इथल्या स्वयंपाकात मुरलीय. शहराच्या पूर्वेला दहा किलोमीटरवर नेआ कार्वाली आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया भागातल्या कार्वाली गावचे लोक 1924 साली आपल्या ग्रामदैवतासारख्या संत ग्रेगरीच्या अस्थी बरोबर घेऊन इथे आले, आणि गावाचं नावही घेऊन आले. चर्चमध्ये त्या अस्थी आहेत. चर्चपासून दोन पावलांवर कुराबिएदेस मिळतात: मैदा, लोणी, बदाम, वरून पिठीसाखर. तोंडात टाकलं की नानकटाई आठवते, फक्त बदाम जास्त.

दिवस कसे लावायचे तर: पनागिया आणि इमारेत एक दिवस, वखारी आणि संग्रहालय दुसरा. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर फिलिप्पी. इसवी सनपूर्व 42 मध्ये सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस तिथल्याच रणांगणावर हरले, आणि 2016 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. मैदान उघडं आहे, सावली नाही, मे महिन्यातही दहानंतर डोकं तापतं. टोप्या आणि पाणी बरोबर ठेवा. वेळ उरला तर बंदरातून थासोसची बोट आहे, मुलांना पोहायला तिथलं पाणी छान आहे.