रस्ट भाषेतल्या गेममध्ये लुआ ही स्क्रिप्टची भाषा बसवायचीय, दोघींना जोडणारा कोड (बाइंडिंग) स्वतः लिहू का?

नको. 'एमलुआ' (mlua) हे क्रेट, म्हणजे रस्टचं तयार पॅकेज, घ्या. जुन्या उत्तरांत 'आरलुआ' (rlua) दिसेल, ते आता मागे पडलंय.

स्वतः लिहिण्यात खरी गोम एररची आहे. लुआ मूळची सीमधली, आणि एरर आली की ती लाँगजंप मारते, म्हणजे मधली फंक्शनं पूर्ण न करता दूरच्या जागी जाते. मधल्या रस्ट फंक्शनांवरून थेट उडी! त्यांचे ड्रॉप (शेवटची आवराआवर) चालतच नाहीत, लॉक अडकून राहतात. एमलुआ ही उडी रस्टच्या फंक्शनांवरून जाण्याआधीच पकडून साधा रिझल्ट (यश किंवा एरर सांगणारी रस्टची व्हॅल्यू) हातात देतं. हे काम हाताने करण्याची हौस कुणाला असेल तर असो.

कार्गो या रस्टच्या बिल्ड टूलच्या फाइलमध्ये एमलुआला 'लुआ५४' (lua54) आणि 'व्हेंडर्ड' (vendored) ही दोन फीचर्स लावा. दुसऱ्यामुळे लुआ सोबतच बिल्ड होते, मशीनवर वेगळी टाकावी लागत नाही. गेममधल्या शत्रूच्या स्ट्रक्टला 'यूझरडेटा' ट्रेट द्या, म्हणजे लुआला तो थेट वापरता येतो, आणि स्क्रिप्टला लागतील तेवढ्याच मेथड उघड्या करा. दर फ्रेमला रस्टची अख्खी यादी (व्हेक्टर) लुआच्या टेबलात बदलून पाठवू नका, वेळ तिथेच जातो.

खेळाडूंनी लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवणार असाल तर एक लक्षात ठेवा: 'लुआ::न्यू' ने 'आयओ' आणि 'ओएस' या फाइली आणि सिस्टिम हाताळणाऱ्या लायब्ररीसुद्धा येतात, म्हणजे स्क्रिप्ट तुमच्या फाइली खुशाल उडवू शकते. 'न्यू_विथ' वापरून मोजक्याच लायब्ररी द्या. न संपणाऱ्या लूपसाठी ठरावीक इन्स्ट्रक्शननंतर आपोआप चालणारं फंक्शन (हुक) लावा आणि त्यातून एरर परत करा.