घरातला आजार कोणाला सांगायचा आणि किती

"मॅडम, दादाच्या आजाराचं बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? आणि नाही सांगितलं तर हे सगळं मी एकटीने कुठवर ओढू?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न माझ्या दवाखान्यात सतत येतो. विचारणारी बहुतेक वेळा बहीण असते, कधी धाकटा भाऊ. आईवडील थकलेले असतात किंवा गेलेले असतात आणि त्यांनी वर्षानुवर्षं निभावलेलं मोठ्या मुलाचं किंवा मुलीचं मानसिक आजारपण एके दिवशी भावंडाच्या पदरात येतं. आईवडिलांकडे लोक निदान सहानुभूतीने बघतात. भावंडाला स्वतःची नोकरी, मुलं, सासर असतं, त्यातून वेळ काढायचा आणि वर तक्रार करायचीही सोय नाही. "सख्खा भाऊ आहे ना तुझा?" एवढं ऐकलं की तोंड बंद होतं.

स्मिताची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि तिने वाचून हो म्हटल्यावरच लिहितेय.

स्मिता साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. सासर-माहेर दोन्ही गावातच. मोठ्या भावाला, म्हणजे दादाला, स्किझोफ्रेनिया आहे, भास आणि संशय निर्माण करणारा मानसिक आजार. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला सुरुवात झाली. शेजारी आपल्याबद्दलच कुजबुजतात, रेडिओवरून आपल्याला निरोप येतात, असं त्याला वाटायला लागलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी पुण्याला नेऊन उपचार सुरू केले, गोळ्यांत कधी खंड पडू दिला नाही आणि घरात एक नियम घालून दिला: बाहेर बोलायचं नाही. "त्याला मायग्रेन आहे", "स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय" असं सांगता सांगता दादाने चाळिशी ओलांडली. स्मिताच्या लग्नात तो 'परीक्षेला गेला' होता. मग वडील गेले.

माझ्याकडे आली तेव्हा तिचा दिवस असा होता: पहाटे उठून डबे, माहेरी जाऊन दादाच्या गोळ्या आणि आईचं इन्सुलिन, मग ऑफिस, संध्याकाळी पुन्हा माहेर, रात्री सासरचा स्वयंपाक. नवऱ्याला सगळं माहीत. सासूला सांगितलेलं की आईला बरं नसतं. दादाची औषधं ती आपल्या पेठेतून घ्यायची नाही. कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून एसटी स्टँडजवळच्या दुकानात जायची. वडील गेल्यापासून दादा गोळ्या टाळायला लागलाच होता. त्यात एकदा जोडून सुट्ट्या आल्या, त्या दुकानातला साठा संपला, आणि जवळच्या दुकानात चिठ्ठी दाखवायचा तिला धीर झाला नाही. पुढच्या आठवड्यात दादा रात्री गॅलरीत उभा राहून शेजाऱ्यांना शिव्या द्यायला लागला. कोणीतरी पोलिसांना फोन केला.

त्याला पुन्हा गोळ्यांवर आणण्याचं काम त्याच्या डॉक्टरांचं, ते त्यांनी केलं. माझ्याकडे स्मिता आली ती "मला काही झालेलं नाही, फक्त झोप लागत नाही" असं म्हणत.

थोडी ओळख झाल्यावर मी तिला एक कागद दिला. दादाच्या आजाराबद्दल कोणाला पूर्ण माहीत आहे, कोणाला अर्धवट आणि कोणाला काहीच माहीत नाही, ते लिही म्हटलं. 'पूर्ण'च्या खाली आई, नवरा, डॉक्टर. 'काहीच नाही'च्या खाली पान भरलं. मग विचारलं, यातल्या कोणी गेल्या वर्षभरात दादाला प्रत्यक्ष पाहिलंय? तिने एकेका नावावर खूण करायला सुरुवात केली. शेजारच्या काकू. कोपऱ्यावरचा चहावाला, ज्याच्या टपरीपाशी दादा रोज एकटाच पुटपुटत उभा असतो. गणपती मंडळातली पोरं. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. शेवटी तीच हसली. "म्हणजे लपलंय कोणापासून? माझ्या सासूपासून!"

घराघरांत मी हेच बघते. गुपित पाळलं जातंय, असं घरातल्यांना वाटत असतं, आणि गल्लीला बऱ्यापैकी ठाऊक असतं. गल्लीला ठाऊक नसतं ते इतकंच की आपण काय करावं. विचारलं तर यांना राग येईल का, मदत करू म्हटलं तर अपमान वाटेल का, या विचाराने लोक नजर चुकवतात. आणि नजर चुकवली की घरच्यांना वाटतं, बघा, तोडलंच आपल्याला.

म्हणून सगळ्यांना सगळं सांगून टाका, असं मात्र मी म्हणत नाही. भाड्याचं घर, नोकरी, मुलामुलींची लग्नं या ठिकाणी या आजाराच्या नावाचा त्रास होतो, हे खोटं कशाला बोलू? शिवाय आजार दादाचा आहे. बातमी कोणाला द्यायची यात त्याचाही शब्द हवा. तो बरा असताना स्मिताने त्याला विचारलं. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "चहावाल्याला सांग. तो मला उगाच भाऊसाहेब म्हणतो आणि बाकीचे हसतात."

आमची पद्धत साधी ठरली. आधी काम ठरवायचं, मग ते करू शकेल असा माणूस, आणि त्या कामाला लागेल तेवढंच त्याला सांगायचं. चहावाल्याला आजाराचं नाव कळायची गरज नव्हती. "दादाची तब्येत नाजूक असते, औषधं चालू आहेत. त्याची चेष्टा होऊ देऊ नका आणि सिगारेट उधार देऊ नका. कधी जास्त अस्वस्थ वाटला तर या नंबरवर फोन करा." एवढंच. शेजारच्या काकूंना थोडं जास्त सांगितलं, कारण त्यांची त्या रात्रीबद्दल माफी मागायची होती. आठवड्यातून दोनदा आईला इन्सुलिन द्यायचं त्यांनी स्वतःहून पत्करलं. त्या निवृत्त नर्स होत्या, आणि इतकी वर्षं मधे एक भिंत होती फक्त. मावसभावाला सगळं सांगितलं, कारण त्याच्याकडे कागदपत्रांचं काम द्यायचं होतं.

आणि पेठेतला औषधवाला. स्मिता घाबरतच गेली, चिठ्ठी पुढे केली. त्याने वाचलीसुद्धा नाही. "सर गेल्यावर तुम्ही आलाच नाहीत, मला वाटलं औषध बदललं. सर इथूनच न्यायचे." घरात कोणालाही न बोलू देणाऱ्या वडिलांनी स्वतःपुरता एक माणूस ठेवला होता! आता महिना संपत आला की दुकानातून तिला फोन येतो.

सगळं असंच गोड झालं नाही. आत्याला सांगितलं तर तिने करणीचं काढलं आणि कुठल्याशा देवऋषाचा पत्ता दिला. स्मिता तिच्याशी भांडली. मी म्हटलं, आत्याशी वाद घालण्यात ताकद घालवू नकोस, तिला दुसरं काम दे. आत्या आता अधूनमधून आईबरोबर भजनाला जाते. आजारावर बोलायचं नाही, असा त्यांच्यात अलिखित करार आहे.

सर्वात अवघड गेली ती आई. "ह्यांनी वीस वर्षं झाकलं, तू वर्षात उघडं पाडलंस," हे तिचं वाक्य स्मिताला फार लागलं. आईला माझ्या बोलण्याचा उपयोग नव्हता, तिला तिच्यासारखी बाई भेटायला हवी होती. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था १९९७ पासून काम करते. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ती सुरू केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि शुभंकरांच्या स्वमदत गटाची बैठक होते. मावसभावाने गाडी काढली. आई जाताना म्हणाली, मी तिथे तोंड उघडणार नाही.

तिथे एका आजींशेजारी बसली आणि दोघी पूर्ण वेळ आंघोळीवर बोलल्या. हा आजार ज्या घरात नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. भास, संशय यांवर गोळ्या चांगल्या चालतात, पण काही करावंसंच न वाटणं, दिवसच्या दिवस पडून राहणं, आंघोळ नको वाटणं यावर त्यांचा तेवढा जोर चालत नाही. घरातल्यांना तो आळस वाटतो, आणि रोजची भांडणं भासांवरून कमी, बादलीवरून जास्त होतात. आजी म्हणाल्या, "आमचा 'आंघोळ कर' म्हटलं की हलत नाही. मी पाणी काढते, टॉवेल ठेवते आणि म्हणते, पाणी निवतंय. मग जातो." आई घरी आली ती हे वाक्य घेऊन. मी वर्षभर डोकं फोडलं असतं तरी मला ते सुचलं नसतं.

भावंडांना ही सगळी वाटणी म्हणजे जबाबदारी झटकणं वाटतं. त्यांना मी एक जुना अभ्यास सांगते. १९७० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्यानंतर क्रिस्टिन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवलं. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा रुग्णाला मोकळा श्वास न घेऊ देणारी अतिकाळजी होती, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यातही अशा नातेवाइकाबरोबर आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर जात असेल तर आणखी जास्त. पुढे चंदीगडमध्ये झालेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथली घरं लंडनपेक्षा बरीच सौम्य आढळली. मला विचाराल तर त्यात घरातल्या माणसांच्या संख्येचाही वाटा असावा. एक वैतागला तर दुसरा सांभाळून घ्यायचा. एक आजारी आई आणि एक धावपळ करणारी बहीण उरली की तो सौम्यपणा आणायचा कुठून? तेव्हा चार माणसं जोडणं हा दादाच्या उपचाराचाच भाग आहे.

हे स्मिताला पटलं, पण खरं पटलं ते दादामुळे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे (तो २९ मे २०१८ पासून लागू आहे) रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. उपचारांच्या निर्णयात हा माणूस रुग्णाला मदत करतो. स्मिताने कागद पुढे ठेवला आणि दादाने मावसभावाचं नाव लिहिलं. का? "ही ओरडते." स्मिता माझ्यासमोर त्या दिवशी खूप रडली. इतकं करून हे! मी तिला रडू दिलं. नंतरच्या भेटीत तिनेच सांगितलं, आता गोळ्यांचा तगादा मावसभाऊ लावतो आणि मी गेले की आम्ही कॅरम खेळतो.

तिच्या मनात आणखी एक भीती होती, ती फार उशिरा बाहेर आली: मला होईल का, माझ्या मुलीला होईल का? सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास, सख्ख्या भावंडाला शंभरात सुमारे नऊ, भाचे-पुतण्यांना तीन-चार. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण शंभरातल्या नव्वदांहून अधिक भावंडांना तो होत नाही. आणि बहुतेकांना सुरुवात ऐन तारुण्यात होते. स्मिता तिशी केव्हाच ओलांडून गेलीय.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण लोक तिथे हकनाक नुकसान करून घेतात. दीर्घ मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. सिव्हिलला मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळतं, ४० टक्के दिव्यांगत्वापासून बऱ्याच सवलती सुरू होतात. भाऊ तुमच्यावर अवलंबून असेल तर प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट बहिणीलाही मिळते. वडील सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असतील तर आईनंतर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्याचे कागद आई हयात असताना लावलेले बरे. 'झाकून ठेवलेल्या' घरांत नेमकं हेच राहून जातं, कारण अर्ज करायचा म्हणजे आजाराचं नाव लिहायचं.

आणि सासूबाई? त्यांना सांगितल्यावर त्या दोन महिने स्मिताशी धड बोलल्या नाहीत. राग आजाराचा नव्हता, इतकी वर्षं खोटं सांगितल्याचा होता. आणि तो रास्त होता असं मला वाटतं. आता बोलतात. गौरींच्या जेवणाला दादाला बोलावलं होतं. तो आला, पुरणपोळी खाल्ली आणि गर्दी वाढल्यावर न सांगता निघून गेला. कोणी काही बोललं नाही.

तुमच्या गावाजवळ असा गट नसेल तर सुरुवात फोनवरून करता येते. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि फोन सांभाळणाऱ्या माणसानेही करायचा असतो. मग तुमच्या डॉक्टरांना विचारा की तुमच्यासारखं आणखी एखादं कुटुंब भेटायला तयार आहे का. ते नाव सांगणार नाहीत, पण निरोप पोचवतील. आमच्याकडे तसंच झालं. स्मिता, एक निवृत्त कंडक्टर ज्यांची बहीण आजारी आहे, कॉलेजातला एक मुलगा आणि आणखी काही जण रविवारी माझ्या दवाखान्यात जमतात. मी चहा सांगते आणि शक्यतो गप्प बसते. पुढच्या बैठकीचा विषय त्यांनीच ठरवलाय: दिवाळीला पाहुणे आले आणि "हा हल्ली काय करतो?" असं त्यांनी विचारलं, तर उत्तर कोणी द्यायचं, आपण की त्याने स्वतः.