ब्रिटनमधल्या चित्रपटांच्या वीकेंडच्या गल्ल्याचा अंदाज सोमवारचे आकडे येण्याआधी बांधता येतो का?

बांधता येतो, आणि बऱ्यापैकी जवळचाही बांधता येतो; मात्र त्यासाठी चित्रपट कसा आहे यापेक्षा तो कोणत्या तारखेला आला आहे याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे आकडे मुळात येतात कोठून, आणि मुंबईतली ट्रेडची मंडळी शुक्रवारी दुपारीच 'इतका जाईल' असे सांगून मोकळी होतात तसे ब्रिटनमध्ये करता येते का. मी लंडनच्या उपनगरात राहतो. या धंद्याशी माझा संबंध नाही, पण दर आठवड्याचे आकडे वहीत उतरवून घेण्याचा नाद जुना आहे, त्या आधारावर लिहितो.

आकडे गोळा करण्याचे काम येथे कॉमस्कोअर ही कंपनी करते. पूर्वी ते नील्सन ईडीआयकडे होते, २०१० मध्ये ते रेनट्रॅककडे गेले आणि २०१६ मध्ये रेनट्रॅकच कॉमस्कोअरमध्ये विलीन झाली. चित्रपटगृहांच्या तिकीटयंत्रणेतून विक्रीची माहिती तिच्याकडे पोहोचते आणि वितरक व चित्रपटगृहांच्या साखळ्या ती पैसे भरून पाहतात. सोमवारी सकाळी या आकड्यांवर खरा व्यवहार होतो, कारण येत्या शुक्रवारपासून कोणता चित्रपट मोठ्या पडद्यावर ठेवायचा, कोणाचे खेळ कमी करायचे आणि कोणाला सरळ उतरवायचे याची घासाघीस त्याच दिवशी चालते. तुमच्या-माझ्यासारख्यांना फुकट मिळतो तो ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट दर आठवड्याला संकेतस्थळावर ठेवते तो तक्ता. पहिले पंधरा चित्रपट, त्याखाली इतर ब्रिटिश चित्रपट आणि त्या आठवड्यातले इतर नवे चित्रपट अशी त्याची मांडणी असते. प्रत्येक ओळीत वितरकाचे नाव, शुक्रवार ते रविवारची कमाई, मागच्या आठवड्याच्या तुलनेत झालेली टक्केवारीतील वाढ वा घट, कितवा आठवडा, किती चित्रपटगृहे, दर चित्रपटगृहामागची सरासरी आणि आजवरची एकूण कमाई दिलेली असते.

या तक्त्यातला आकडा भारतातल्या आकड्याशेजारी ठेवण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की 'ब्रिटन' म्हणून जो आकडा छापला जातो त्यात आयर्लंडचे प्रजासत्ताकही धरलेले असते, कारण वितरणाच्या दृष्टीने हा सगळा एकच प्रदेश मानतात. दुसरी ही की आपल्याकडे ट्रेडमध्ये 'नेट'ची, म्हणजे कर वजा केलेल्या रकमेची, भाषा चालते, तर येथला आकडा मूल्यवर्धित करासह, म्हणजे पूर्ण 'ग्रॉस' असतो. हा कर सध्या २० टक्के आहे. महामारीच्या काळात, जुलै २०२० पासून तो ५ टक्के आणि नंतर मार्च २०२२ अखेरपर्यंत साडेबारा टक्के होता. त्या दीड-दोन वर्षांतली तिकीटबारीवरची एकच रक्कम आजच्यापेक्षा चित्रपटगृहाच्या पदरात अधिक टाकत होती, हे जुने आकडे चाळताना विसरले जाते.

सर्वांत मोठी गोम आहे ती 'पहिला वीकेंड' म्हणून जे दाखवले जाते त्यात किती दिवस मोजले आहेत, यात. चित्रपट बुधवारी किंवा सोमवारी लागला असला तरी शुक्रवारच्या आधीची कमाई, तसेच आधीच्या आठवड्यात केलेले प्रीव्ह्यूचे, म्हणजे चित्रपट लागण्याआधीचे, खेळ, हे सगळे पहिल्या वीकेंडच्या आकड्यात मिळवण्याची येथे रीत आहे. तक्त्याखालच्या टिपेत त्याचा उल्लेख असतो, पण बातमीत तो क्वचितच उतरतो. याचे उत्तम उदाहरण बाँडपटांचे आहे. 'स्कायफॉल' शुक्रवारी, २६ ऑक्टोबर २०१२ रोजी लागला आणि त्याने तीन दिवसांत सुमारे २ कोटी पौंड मिळवले. त्यानंतरचा 'स्पेक्टर' २६ ऑक्टोबर २०१५ रोजी लागला, पण तो वार सोमवार होता. त्यामुळे त्याचा जो सलामीचा आकडा गाजला तो सात दिवसांचा होता आणि ४ कोटी पौंडांच्या वर होता. ज्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून 'दुपटीने सलामी' असे म्हटले असेल, त्यांनी अखेरच्या कमाईचा अंदाजही तसाच फुगवला असणार. प्रत्यक्षात 'स्कायफॉल' १० कोटी पौंडांचा टप्पा ओलांडणारा येथला पहिला चित्रपट ठरला, तर 'स्पेक्टर' साडेनऊ कोटींच्या आसपास थांबला. त्यात आणखी एक बारकावा आहे: दोन्ही वेळी इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांना ऑक्टोबरची आठवडाभराची सुटी होती, परंतु 'स्पेक्टर'ची ती सुटी पहिल्याच आकड्यात खर्ची पडली, तर 'स्कायफॉल'ला ती पहिल्या वीकेंडनंतर मिळाली. म्हणून मी वहीत नव्या चित्रपटाच्या नावापुढे सर्वांत आधी 'किती दिवस' हे लिहितो आणि त्यानंतरच रक्कम लिहितो.

आता अंदाज. त्याचा पाया साधा गुणाकार आहे: किती चित्रपटगृहे आणि दर चित्रपटगृहामागे किती सरासरी. चित्रपटगृहांची संख्या त्या आठवड्यात साधारण कळतेच, पण सरासरी ठरवताना कस लागतो. समजा एखादा भयपट ५०० ठिकाणी लागला आहे आणि त्याच वितरकाचे, त्याच ऋतूतले, त्याच वयोगटाचे आधीचे भयपट दर ठिकाणी तीन ते चार हजार पौंडांवर उघडले आहेत. तर अंदाज १५ ते २० लाख पौंडांचा. तुलनेसाठी चित्रपट निवडताना अमेरिकेतल्या यशावर भिस्त ठेवू नये. अमेरिकी फुटबॉलवरचा किंवा तिकडच्या दूरचित्रवाणी विनोदवीराचा चित्रपट येथे आपटतो, आणि ब्रिटिश कलाकारांचा, प्रौढ प्रेक्षकांसाठीचा, शांतपणे चालणारा चित्रपट तिकडच्या मानाने येथे कितीतरी अधिक कमावतो.

शुक्रवारचा आकडा ज्यांना मिळतो त्यांचे काम सोपे होते. शाळा चालू असताना लहान मुलांचा चित्रपट शुक्रवारी झोपलेला असतो आणि शनिवारी-रविवारी सकाळपासून भरतो, म्हणून त्याच्या शुक्रवारला चारने किंवा त्याहूनही मोठ्या संख्येने गुणावे लागते. याउलट चाहत्यांची झुंबड ज्याच्यावर पहिल्या संध्याकाळीच पडते, त्याचा तीन दिवसांचा हिशेब शुक्रवारच्या तिपटीपर्यंतही जात नाही. पण रोजचे आकडे बाहेरच्या माणसाला फुकट मिळत नाहीत, आणि तेथे आसनांच्या नकाशाचा उपयोग होतो.

ऑनलाइन आरक्षण करताना जो आसनांचा नकाशा उघडतो, तो कोणालाही पाहता येतो. मी ठरावीक चित्रपटगृहे धरून ठेवली आहेत: एक मध्य लंडनमधले, एक उपनगरातले, एक उत्तर इंग्लंडमधल्या शहरातले, एक समुद्रकिनाऱ्यावरच्या गावातले आणि एक स्कॉटलंडमधले. शुक्रवारच्या संध्याकाळच्या खेळाचा नकाशा दुपारी एकदा आणि खेळ सुरू होण्याच्या बेतात पुन्हा एकदा पाहतो. मागच्या रांगांमधला मधला पट्टा आधी भरतो. पुढच्या दोन-तीन रांगा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या तर तो खेळ 'चांगला' म्हणावा, आणि त्या रांगांमध्येही दोन-दोनच्या जोड्या दिसू लागल्या की गडी जोरात आहे असे समजावे. मात्र हा नकाशा कसा वाचायचा हे ठिकाणागणिक बदलते. आयमॅक्सचा प्रेक्षक चार-चार आठवडे आधी आसन धरून ठेवतो, तर लहान गावातले कुटुंब पाऊस पाहून निघते आणि खिडकीवरच तिकीट घेते; त्यामुळे लंडनमधला अर्धा भरलेला नकाशा आणि किनाऱ्यावरच्या गावातला अर्धा भरलेला नकाशा यांचा अर्थ सारखा नसतो. शिवाय मध्य लंडनमधल्या लेस्टर स्क्वेअरवरच्या एका तिकिटाच्या पैशांत दुसऱ्या एखाद्या शहरात अख्खे कुटुंब बसते, म्हणून आसने मोजून झाल्यावर तिकिटाचा दरही लिहून ठेवावा लागतो.

यानंतर दिनदर्शिका. शाळांच्या सुट्या येथे सर्वत्र एकाच दिवशी लागत नाहीत. स्कॉटलंडमधल्या शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला पुन्हा भरतात, तर इंग्लंडमधल्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालू असतात. जुलैच्या आरंभी लागलेल्या मुलांच्या चित्रपटाचा ग्लासगोमधला नकाशा पाहून सबंध देशाचा अंदाज बांधला, तर तो हमखास चढा निघेल.

हवेचा प्रकार आपल्याकडच्या उलट आहे. महाराष्ट्रात मे महिन्याच्या उकाड्यात लोक थंडगार चित्रपटगृहात शिरतात; येथे जूनमध्ये शनिवारी ऊन पडले की लोक बागेत आणि समुद्रावर पळतात आणि दुपारचे खेळ ओस पडतात. बेताचा पाऊस हा चित्रपटगृहाचा खरा मित्र. २१ जुलै २०२३ रोजी 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' एकाच दिवशी लागले आणि पहिल्या वीकेंडला अनुक्रमे सुमारे १ कोटी ८५ लाख आणि १ कोटी ९ लाख पौंड घेऊन गेले. त्या यशात प्रसिद्धीचा वाटा मोठाच होता, पण हवामान खात्याच्या नोंदींत तो जुलै ब्रिटनमधल्या सर्वाधिक पावसाच्या जुलैंपैकी एक होता, हेही सोडू नये. याच्या दुसऱ्या टोकाला जुलै २०२२ मधला ४० अंशांचा उकाडा; तेव्हा शोकेस या साखळीने लालसर केसांच्या लोकांना दोन दिवस फुकट प्रवेश दिला होता. त्याने अंदाजात काही फरक पडत नाही, पण ही गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फुटबॉलचे वेळापत्रक तर वितरकांच्या भिंतीवरच असते. ७ जुलै २०१८ रोजी, शनिवारी दुपारी तीन वाजता, विश्वचषकात इंग्लंडचा स्वीडनशी उपांत्यपूर्व सामना होता; अशा दुपारी मॅटिनीची काय अवस्था होते हे सांगायला नको. त्या वर्षी अमेरिकेत जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागलेला 'अँट-मॅन अँड द वास्प' ब्रिटनमध्ये ऑगस्टपर्यंत मागे ठेवला होता, तो या स्पर्धेमुळेच.

सवलतींचा गोंधळ वीकेंडला सहसा होत नाही, कारण एकावर एक तिकिटाची योजना मंगळवार-बुधवारची असते. अपवाद राष्ट्रीय सिनेमा दिनाचा: ३ सप्टेंबर २०२२ च्या शनिवारी तिकीट ३ पौंड होते. त्या दिवशी आसनांचे नकाशे पाहून कोणी रक्कम काढली असती तर ती फार फुगलेली निघाली असती.

पहिल्या वीकेंडवरून अखेरची कमाई काढणे हा वेगळा आणि अधिक फसवा खेळ आहे. जुलै २०११ मध्ये हॅरी पॉटरच्या शेवटच्या चित्रपटाने २ कोटी ३७ लाख पौंडांवर सुरुवात केली आणि तो ७ कोटी ३० लाखांच्या आसपास थांबला, म्हणजे साधारण तिप्पट. त्याच्या तीन वर्षे आधी, तशाच जुलैमध्ये, 'मामा मिया!' केवळ ६६ लाखांवर सुरू झाला आणि ६ कोटी ९० लाखांपर्यंत गेला. पॉटरचे प्रेक्षक पहिल्या रांगेत उभे होते, 'मामा मिया!'च्या प्रेक्षक बायका आधी मैत्रिणीला विचारत होत्या, मग आईला घेऊन जात होत्या, आणि पुन्हा एकदा गाणी म्हणायला जात होत्या. असा चित्रपट पहिल्या तीन दिवसांत ओळखता येत नाही. दुसऱ्या वीकेंडची घट पाहावी: नव्या चित्रपटांची गर्दी असूनही ती पाव हिश्शाच्या आत राहिली, तर गुणक, म्हणजे पहिल्या वीकेंडच्या कितीपट अखेरची कमाई होईल तो आकडा, वाढवायला घ्यावा.

भारतीय चित्रपटांसाठी मी वेगळे पान ठेवतो, कारण त्यांना वरचे बरेच नियम लागू पडत नाहीत. ते ईद, दिवाळी किंवा प्रजासत्ताक दिन धरून, प्रसंगी आठवड्याच्या मध्येच लागतात; 'पठाण' २५ जानेवारी २०२३ रोजी, बुधवारी लागला आणि अखेरीस ४० लाख पौंडांच्या वर गेला. त्यांची कमाई हॅरो, फेल्टहॅम, इलफर्ड, लेस्टर, बर्मिंगहॅम अशा ठिकाणी एकवटलेली असते, म्हणून माझी नेहमीची चित्रपटगृहे तेथे कुचकामी ठरतात. मराठी चित्रपटांचे तर बहुधा मोजकेच खेळ होतात, आणि तेही रविवारी. एखाद्या पडद्यावरचा एकच खेळ हाऊसफुल्ल झाला तर त्याची दर पडद्यामागची सरासरी डोळे दिपवते. परंतु ती पाहून 'आणखी पन्नास ठिकाणी लावला असता तर' असा हिशेब मांडू नये, कारण त्या एका खेळाला आसपासच्या तीन-चार परगण्यांतली मराठी माणसे गाड्या काढून आलेली असतात. आंद्रे रिऊ या डच व्हायोलिनवादकाच्या संगीत मैफिलीही एखाद्या शनिवारी अशाच अवचित पहिल्या पंधरांत चढतात.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर एक नेमका आकडा लिहू नका, खालची आणि वरची अशा दोन मर्यादा लिहा आणि सोमवारी-मंगळवारी तक्ता आला की कोणत्या कारणाने त्या मर्यादांच्या बाहेर गेलात ते शेजारी नोंदवा. डिसेंबरमध्ये मात्र जपून. २५ तारखेला येथली बहुतेक चित्रपटगृहे बंद असतात आणि २४ च्या संध्याकाळी लवकर आटोपतात. २०२२ मध्ये नाताळ रविवारी आला होता, त्यामुळे त्या आठवड्याच्या टक्केवारीतली घट पाहून कोणत्याही चित्रपटाबद्दल मत बनवता आले नसते. २०२६ मध्ये तो शुक्रवारी येतो, तेव्हा त्या वीकेंडचा अंदाज दोन दिवसांचाच धरा आणि २६ च्या शनिवारला नेहमीपेक्षा जास्त वजन द्या.